निवड की खाडाखोड

१८५३ मध्ये मुंबई आणि ठाणे यांच्या दरम्यान आगगाडी धावली, १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत कापडाच्या पहिल्या गिरणीच्या उभारणीस हात घातला आणि १८५७ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून तेथे कलाशाळा सुरू झाली; अवघ्या चार वर्षांच्या अवधीत घडलेल्या या तीन गोष्टी आपण तीन निरनिराळ्या इतिहासांत वाचतो, आणि म्हणूनच त्यांचा एकमेकींशी काही रक्ताचा संबंध असेल हा विचार सहसा आपल्या मनाला शिवत नाही. वस्तुतः ज्या आगगाडीने गिरणगावात कामकरी आणून सोडले तिच्यातूनच रंगांची पेटी घेऊन चित्रकार नाशिकच्या घाटावर उतरला. आणि पुढे १८८८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनांतून जी निसर्गचित्रे मुंबईकरांच्या नजरेस पडू लागली त्यांत घाट होते, देवळे होती, वडाच्या सावलीत सोडलेल्या बैलगाड्या होत्या, पण ज्या शहरात ती प्रदर्शने भरत होती त्या शहराची धुराडी त्या परंपरेतील मी पाहिलेल्या चित्रांत तरी क्वचितच आढळतात.

ही अनुपस्थिती सौंदर्यदृष्टीची मानावयाची की भीरुतेची, या प्रश्नाची मला ठाऊक असलेली सर्वांत सकस चर्चा मुळशी तालुक्यातील घोटावडे गावच्या शिवारात झाली. पुण्याहून पौडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर घोटावडे फाटा लागतो. तेथून आत वळले की मुळेच्या खोऱ्यात हे गाव आहे. पूर्वेस माण आणि त्यापलीकडे हिंजवडीच्या काचेच्या इमारती, दक्षिणेस पिरंगुटचे कारखाने, आणि या दोहोंच्या मध्ये भाताची खाचरे, नदी व सह्याद्रीच्या उतरत्या सोंडा, अशी येथील एकंदर ठेवण आहे; त्यामुळे पावसाळा सुरू झाला की पुण्यातील हौशी आणि व्यावसायिक असे दोन्ही प्रकारचे चित्रकार या बाजूला येऊन बसतात. चर्चा करणाऱ्या दोघांपैकी एक असे चित्रकारच होते. आयुष्यभर एका शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या या गृहस्थांना सारे मास्तर म्हणत. दुसरे याच गावचे. भूमी अभिलेख खात्यात मोजणीच्या कामावर त्यांची उभी हयात गेली, आणि गावात लहानथोर सर्वजण त्यांना तात्या म्हणत.

आषाढाच्या अखेरचे दिवस होते, आवणी नुकतीच आटोपली होती आणि पावसाने उघडीप दिली होती. मास्तरांनी बांधावर बसून अर्ध्या तावावर एक जलरंगचित्र पुरे केले होते. प्रत्यक्षात समोर खाचर, त्यापलीकडे एक आंबा, आंब्यामागे निळ्या पत्र्याची लांबलचक शेड आणि सर्वांत मागे डोंगर, असे दृश्य होते. चित्रात खाचर होते, आंबा होता, डोंगर होता, आणि शेडच्या ठिकाणी धुक्याचा एक अतिशय नाजूक, पातळ पट्टा ओढलेला होता. तात्यांनी बराच वेळ ते चित्र पाहिले आणि मग बोलण्यास आरंभ केला.

तात्या : मास्तर, चित्र उत्तम उतरले आहे, पण ते या गटाचे नाही. या गटाच्या उत्तर हद्दीला शेड आहे. तिची बिनशेती परवानगी झाली, फेरफार मंजूर झाला, वीज आली. तुम्ही तेथे धुके घातले आहे, आणि आज तर सकाळपासून धुक्याचा मागमूस नाही.

मास्तर : तात्या, मी पंचनामा करण्यास बसलेलो नाही. पारदर्शक जलरंगांत पांढरा रंग लावावयाचा नसतो, कागद राखावयाचा असतो. आभाळातला सर्वांत उजळ ढग म्हणजे ज्या जागी कुंचला गेलाच नाही अशी जागा. ज्या माध्यमात न करणे हेच अर्धे करणे असते त्यात काय सोडले याचा हिशेब तुम्ही मला मागत आहात. सावळाराम हळदणकरांसारख्या थोर जलरंगकारांनी आम्हाला जे शिकवले त्याचे सार हेच की, डोळ्याला शंभर गोष्टी दिसतात, त्यांतल्या कोणत्या दहा बोलक्या आहेत हे ओळखणारा तो चित्रकार.

तात्या : मीही तीन पायांवर फळी मांडून उन्हात बसलेला माणूस आहे. आमचे प्लेन टेबल आणि तुमचे ईझल यांत लांबून पाहणाऱ्याला फरक कळणार नाही. आमच्या आधीच्या लोकांनी शंकू-साखळीने मोजणी केली. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद जागेचा एक गुंठा. आम्हालाही सगळे काही घेता येत नाही, झाडाची पाने कोणी मोजत नाही. पण विहीर, बांध, घर, वहिवाटीचा रस्ता, या गोष्टी समोर असताना नकाशात आल्या नाहीत, तर त्याला आमच्याकडे निवड म्हणत नाहीत, कसूर म्हणतात.

हे ऐकताना मला आठवले की, ज्या मोजणीपद्धतीचा अभिमान तात्यांच्या बोलण्यात होता ती पुणे जिल्ह्यातच आकाराला आली. प्रिंगलची पहिली पाहणी जबर आकारणीमुळे फसल्यावर १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी नवी पद्धत घातली, आणि तीत जमिनीची प्रत ठरविताना मातीचा पोत, खोली आणि रंग हे तिन्ही पाहिले जात. सरकारी कारकून खड्डा खणून मातीचा रंग निरखीत उभा आहे हे दृश्य त्या काळच्या कोणा चित्रकाराने टिपावयास हवे होते, असे मला मनापासून वाटते.

मास्तर : मग तुमच्याच दप्तरातला एक शब्द घेतो. सातबाऱ्यावर लागवडीच्या क्षेत्राखाली पोटखराबा लिहिता ना? खडक, ओढ्याची घळ, कातळावरचे करवंदीचे जाळे, ज्यातून सरकारला दमडी मिळत नाही ते सारे पोटखराबा. माझा विषय नेमका तोच आहे. तुम्ही आकार बसणाऱ्या जमिनीला मोल दिले, मी आकार न बसणाऱ्या जमिनीला दिले. तेव्हा वगळण्याचा गुन्हा एकट्या चित्रकाराच्या माथी मारू नका.

तात्या : आम्ही आकार शून्य लिहितो मास्तर, पण क्षेत्र लिहितो. किती गुंठे खराबा, तो नेमका आकडा कागदावर असतो. ज्याची किंमत नाही ते अस्तित्वातच नाही, असे आमच्या खात्याने कधी म्हटले नाही. तुमच्या या कागदावर शेडची किंमत शून्य ठेवली असती तर मी एक शब्द बोललो नसतो. तुम्ही तिचे क्षेत्रच काढून टाकले.

या उत्तराने मास्तर क्षणभर थांबले. मग त्यांनी आपल्या बाजूचा सर्वांत मोठा आधार पुढे केला, तो आबालाल रहिमान यांचा. मुंबईच्या कलाशाळेत शिकून नाव मिळविल्यावर हा मनुष्य कोल्हापुरास परतला, शाहू महाराजांच्या आश्रयाने राहिला, आणि कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगेचा परिसर यांच्या पाण्यावर सकाळ-संध्याकाळ जो प्रकाश खेळतो त्याच्या उपासनेत त्याने सारे आयुष्य वेचले. संध्यामठाचे त्याचे चित्र ज्याने पाहिले त्याला रंकाळा पुन्हा पूर्वीच्या नजरेने पाहता येत नाही.

मास्तर : शाहू महाराजांनी १९०६ मध्ये कोल्हापुरात कापडाची गिरणी काढली, आणि ती कोठे? कोटितीर्थाच्या शेजारी. आबालाल त्यानंतर पंचवीस वर्षे हयात होते, १९३१ मध्ये गेले. पण आबालालांचे नाव घेतले की मनात पाणी येते, झाडे येतात, भोंगा येत नाही. तो भोंगा त्यांच्या कानावर पडलाच असेल. तरी त्यांनी पाणी निवडले. त्या निवडीला तुम्ही कसूर म्हणाल?

तात्या : मी त्या थोर माणसाला नावे ठेवणार नाही. पण एवढे सांगतो की गिरणीही महाराजांनी काढली आणि चित्रकारालाही महाराजांनी पोसले. त्या राजाला आपल्या रयतेचे पोट आणि आपल्या तळ्याचे पाणी, दोन्ही एकदम दिसत होते. चित्रकाराला एकच दिसले.

येथे मला तात्यांचे म्हणणे आबालालांवर अन्याय करणारे वाटले, आणि आजही वाटते. मुंबईत राहिला असता तर ज्याला कीर्ती आणि पैसा दोन्हींची ददात पडली नसती, त्या कलावंताने एका तळ्याच्या काठी ऋतूमागून ऋतू काढावेत, ही कारखान्याकडे फिरविलेली पाठ नव्हती. ती एका जागेशी बांधलेली गाठ होती. पण तात्यांच्या बोलण्यात एक असा खिळा होता की जो नुसत्या आदराने उपटता येत नाही. राजाच्या नजरेत जे दोन पदार्थ शेजारी नांदत होते ते आपल्या निसर्गचित्रांत शेजारी का नांदले नाहीत, हा प्रश्न आबालालांपुरता सोडून दिला तरी त्यांच्यामागून आलेल्या सबंध परंपरेला विचारावाच लागतो.

मास्तरांनी मग फ्रान्सकडे मोहरा वळविला. पॅरिसजवळच्या फॉन्तेनब्लोच्या अरण्यात, बार्बिझाँ या खेड्यात राहून चित्रे काढणाऱ्या थिओडोर रूसो आणि त्याच्या सोबत्यांनी जुन्या ओक वृक्षांची तोड थांबविण्यासाठी थेट बादशहा तिसऱ्या नेपोलियनपर्यंत अर्ज नेला, आणि अखेर १८६१ मध्ये हजारावर हेक्टर अरण्य केवळ त्याच्या सौंदर्यासाठी राखून ठेवण्याचा हुकूम निघाला, हा इतिहास त्यांनी मोठ्या आवेशाने सांगितला.

मास्तर : कुऱ्हाड कोणी थांबवली? ज्यांनी तोडलेल्या ओंडक्यांची मोजदाद केली त्यांनी नव्हे. ज्यांनी उभ्या झाडांची चित्रे काढून पॅरिसच्या लोकांना त्या झाडांचा लळा लावला त्यांनी. मी हे खाचर सुंदर करून दाखवतो ते एवढ्यासाठीच की, पुण्यातल्या एखाद्या दिवाणखान्यात ते पाहून कोणाला तरी वाटावे, यावर मुरमाचा भराव पडू नये.

तात्या : ठीक. मग या नदीचीच गोष्ट काढू. वरच्या अंगाला मुळशीला काय झाले ते तुम्हाला मी सांगायला नको.

आणि तरीही त्यांनी ते सांगितले, आणि ज्या रीतीने सांगितले तिच्यामुळे ऐकणाऱ्याला ती शंभर वर्षांपूर्वीची कैफियत कालची वाटावी. निळा आणि मुळा यांच्या संगमाजवळ टाटांच्या वीजकंपनीने धरण घालण्याचे ठरविले. पन्नासच्या आसपास गावांच्या जमिनी त्यात जाणार होत्या, आणि त्यांत आंबेमोहराची उत्तम खाचरे होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. विनायकराव भुस्कुटे होते, पांडुरंग महादेव बापट होते. बापटांना सेनापती ही पदवी लोकांनी याच लढ्यात दिली. लढा १९२४ पर्यंत चालला आणि मोडला. पूर्वेकडे वाहणाऱ्या नदीचे पाणी बोगद्यांतून पश्चिमेला वळवून सह्याद्रीच्या कड्यावरून कोकणात भिऱ्याला सोडले गेले, आणि १९२७ पासून त्याची वीज मुंबईच्या गिरण्यांना व आगगाड्यांना मिळू लागली.

तात्या : त्या पेट्यातल्या प्रत्येक खातेदाराचे नाव, क्षेत्र, आकार, मोबदला, सगळे दप्तरात मिळेल. बुडीत रेषेच्या खुणा रोवल्या गेल्या होत्या, म्हणजे कोणती जमीन जाणार हे चोरून ठेवलेले नव्हते. मुंबईचे चित्रकार त्या काळी गाडीत बसले की संध्याकाळी पुण्यात उतरत. मग त्या खाचरांत कार्तिकात, भात पिकल्यावर, ऊन कसे पडत होते, घरे कोणत्या बाजूला तोंड करून होती, देवळासमोरच्या पाराचा दगड काळा होता की तांबूस, हे दाखवणारे एक चित्र मला दाखवा. एक. सत्याग्रहींनी तुरुंग भोगला, पत्रकारांनी लिहिले, आमच्या खात्याने मोजले. ज्यांचा धंदाच उघड्यावर बसून पाहण्याचा, ते कोठे होते?

यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मास्तरांनी पाण्याच्या डब्यातले गढूळ पाणी बांधाखाली ओतले, नवे भरले, आणि मग जे उत्तर दिले ते त्यांच्या प्रामाणिकपणाला शोभणारे होते.

मास्तर : मलाही असे चित्र पाहिल्याचे आठवत नाही. पण तात्या, एक लक्षात घ्या. जो चित्रकार त्या वर्षी तेथे जाऊन बसला असता त्याला त्या खाचराकडे खाचर म्हणून पाहता आले नसते. प्रत्येक झाडाला तो निरोप देत बसला असता. आणि निरोपाच्या वेळी हात कापतो, रंग भडक होतो, माणूस खोटे बोलू लागतो. बुडणाऱ्या जागेचे चांगले चित्र काढायला ती बुडणार नाही असे समजून बसावे लागते.

तात्या : मग तसे समजून बसायचे. पण बसायचे.

मास्तर : आणि ही शेड? हिच्याकडेही प्रेमाने बघू?

तात्या : प्रेमाने कशाला? माझा पुतण्या तिच्यात काम करतो, तोही तिच्याकडे प्रेमाने पाहत नाही. पण मी लहान असताना आमच्या भागातला निम्मा गडीमाणूस मुंबईत असायचा. कोणी गिरणीत, कोणी हमालीत. मुळशी-मावळातली माणसे तेथे डब्यांचे हारेच्या हारे डोक्यावर वाहत होती, आजही वाहतात. घरातला कर्ता शिमग्याला आणि गणपतीला तेवढा दिसायचा. पुतण्या संध्याकाळी घरी येतो, ते या पत्र्यामुळे. मी त्या मालकाचा वकील नाही. ओढ्यात काय सोडतात ते मला ठाऊक आहे आणि त्याचे अर्जही मीच लिहून दिले आहेत. पण तुमच्या चित्रात शेड नाही म्हणजे त्याची मजुरीही नाही आणि तो ओढाही नाही. धुक्याने दोन्ही झाकले.

मला वाटते की साऱ्या वादात तात्यांनी केलेला हा सर्वांत नेमका मुद्दा होता. कारखाना वगळणारा चित्रकार आपण निसर्गाची बाजू घेतली असे मानतो. पण जो दोष चित्रात आलाच नाही त्याविरुद्ध चित्र साक्ष कशी देणार?

मास्तर याला सहजासहजी शरण जाणारे नव्हते, आणि त्यांनी शरण जाऊही नये. त्यांची पुढची हरकत शुद्ध चित्रकाराची होती, आणि ती मला आजवर कोणत्याही ग्रंथात इतक्या स्पष्टपणे मांडलेली आढळली नाही. पिसारोने १८७३ मध्ये पोंत्वाजजवळ नदीकाठचा कारखाना रंगविला, मोनेने १८७७ मध्ये सेंट-लाझार स्टेशनातील वाफेची एकामागून एक चित्रे केली, हे त्यांना चांगले ठाऊक होते. पण त्या कारखान्यांना धूर होता, असे त्यांचे म्हणणे. धूर आभाळात मिसळतो, वारा दाखवतो, ऊन अडवतो, म्हणजे तो निसर्गाच्या व्यवहारात भाग घेतो. आजच्या कारखान्याला दर्शनी अंगच नसते. पत्र्याची सपाट भिंत, तिच्यावर एका मापाच्या उभ्या पन्हळी, खिडकी नाही, माणूस नाही. आत काय चालते याची बाहेर दादफिर्याद नाही. जी वस्तू स्वतःविषयी काही सांगत नाही तिला चित्रकाराने बोलते कसे करावे?

तात्या : मग तुमच्या त्या मोनेने आयुष्यभर आगगाडीच रंगवली का?

मास्तर : नाही. उतारवयात त्याने तळे रंगवले. कमळांचे. ते तळे त्याने स्वतः करून घेतले होते, झिव्हर्नी नावाच्या खेड्यात. १८९३ मध्ये त्याने जागा घेतली, आणि नदीच्या फाट्याचे पाणी तळ्यात वळवण्यासाठी तिथल्या प्रांताधिकाऱ्याकडे अर्ज केला. गावकऱ्यांनी हरकत घेतली; परदेशी वनस्पतींनी पाणी नासेल, गुरांना आणि कपडे धुणाऱ्या बायांना त्रास होईल, असे त्यांचे म्हणणे.

तात्या : आणि परवानगी मिळाली?

मास्तर : मिळाली. आणखी एक सांगतो, कारण लपवून ठेवण्यात अर्थ नाही. त्याचे घर आणि ते तळे यांच्या मधून आगगाडीचे रूळ जात होते. तळ्यावर जायला त्याला रोज ते ओलांडावे लागत.

तात्या : आणि चित्रांत?

मास्तर : चित्रांत पाणी, कमळे आणि आभाळ.

तात्यांनी यावर विजयाचा एकही शब्द उच्चारला नाही. त्यांनी फक्त मास्तरांच्या पेटीतली निळ्या रंगाची एक नळी उचलून उलटसुलट करून पाहिली. आणि मग मास्तर आपण होऊनच म्हणाले की, ही पत्र्याची नळी १८४१ मध्ये जॉन रँड नावाच्या अमेरिकन चित्रकाराने शोधून काढली, त्यापूर्वी तैलरंग डुकराच्या मूत्राशयात बांधून ठेवीत, ते फुटत आणि वाळत, आणि म्हणून रंग घेऊन रानात जाणे ही मोठी कटकट होती. शिवाय आपण आभाळात वापरतो तो अल्ट्रामरीन १८२८ पासून कारखान्यात तयार होतो आणि डोंगराला लावतो तो गर्द हिरवा व्हिरिडियनही रसायनशाळेतलाच. पण साधनाच्या उपकाराने विषय ठरत नाही, असेही त्यांनी लगेच बजावले. ज्या बोरूने जमाबंदीचा कागद लिहिला त्याच बोरूने अभंग लिहिला, म्हणून काय अभंगात वसुलाचा आकडा घालावयाचा? त्यांचे हे म्हणणे मला सर्वथैव मान्य आहे. कारखान्यातल्या रंगाने चित्र काढले म्हणून कारखाना काढलाच पाहिजे, हा युक्तिवाद उथळ आहे, आणि तात्यांनी तो केलाही नाही.

एका चित्रकाराने एका सकाळी एका शेडीकडे दुर्लक्ष करणे ही त्याची निवड. तिच्यावर कोणाचीही हुकमत चालणार नाही, आणि चालूही नये. पण सबंध पिढीचे चित्रकार त्याच बांधावर बसून तीच एक वस्तू वर्षानुवर्षे वगळू लागले, म्हणजे प्रत्येकाची निर्दोष निवड मिळून एक मोठी खाडाखोड तयार होते, आणि तिचा दोष कोणा एकाच्या पदरी टाकता येत नाही म्हणून ती अधिकच घातक ठरते. मुंबईने हा अनुभव घेतलेला आहे. सुधीर पटवर्धन यांनी ‘लोअर परळ’ हे चित्र केले ते २००१ मध्ये. १९८२ च्या संपाने खचलेल्या गिरण्यांच्या जागी तोवर नवे मनोरे उठू लागले होते. ते चित्र मला थोर वाटते. पण जी धुराडी शंभर वर्षे रोज सकाळी शहरावर उभी होती त्यांच्या उन्हाची, सावलीची, पावसाळी रंगाची जी दफ्तरनोंद जागेवर बसणाऱ्या जलरंगकारांच्या हातून सहज झाली असती, ती आता कोणत्याही प्रतिभेने मागाहून करता येणार नाही.

मी हे बोलून दाखविले तेव्हा तात्या म्हणाले की त्यांच्या काळी खात्यात खाडाखोडीला वाव नसे. जमीन विकली गेली तरी सातबाऱ्यावरचे जुन्या खातेदाराचे नाव खोडत नसत, त्याला कंस करीत. नवे नाव त्याखाली येई, फेरफाराचा क्रमांक पडे, आणि जुने नाव ज्याला वाचावयाचे असेल त्याला वाचता येई.

मास्तर : चित्रात कंस कसा करायचा ते सांगा, मी करतो.

तात्या : तो तुम्ही केलेलाच आहे. खाली पाहा.

आम्ही तिघेही त्या अर्ध्या तावावर वाकलो. आषाढाच्या हवेत कागद लवकर वाळत नाही, एक लेप ओला असतानाच दुसरा त्यात शिरतो, आणि म्हणून या दिवसांत मास्तर पाणी फार मोकळ्या हाताने रंगवीत. नव्या रोपांच्या ओळींमधून खाचराचे पाणी चमकत होते. त्या पाण्यात त्यांनी ढगांचा करडा रंग घातला होता, आंब्याची गडद छाया घातली होती, आणि या दोहोंच्या मधोमध, रोपांच्या काड्यांनी जागोजागी तुटलेला, एक लांब आडवा निळा पट्टा होता. आभाळात तो निळा कोठेच नव्हता. आभाळ ढगांनी भरलेले होते. वर जेथे धुके काढले होते, बरोबर त्याच्या खाली, पत्र्याचे प्रतिबिंब जसेच्या तसे उतरले होते. शेड टाळण्याचे मास्तरांनी ठरविले होते, पण पाण्याशी खोटे वागण्याची त्यांच्या हाताला सवय नव्हती.

मास्तर : हा निळा मी पाहून लावला. कशाचा आहे हे मनात आले नाही.

तात्या : मोजणीत याला आम्ही हद्द जुळली म्हणतो.

मास्तर : नका तसे म्हणू. एवढ्याने मी शेड कबूल केली असे होत नाही. तिच्या भिंतीत रंगवण्यासारखे काही नाही हे माझे म्हणणे कायम आहे. तुमचा पुतण्या किती वाजता सुटतो?

तात्या : पहिली पाळी तीनला सुटते. फाटकातून निघाली की पोरे याच बांधाने येतात, रस्त्याने वळसा पडतो.

मास्तर : सगळी?

तात्या : गावातली सगळी. पाचपन्नास तरी असतील. वहिवाट जुनी आहे, शेडीच्या आधीपासूनची.

मास्तर : तीनला ऊन पश्चिमेकडून येईल, म्हणजे पत्रा तापलेला, त्यांची तोंडे सावलीत आणि पाय पाण्यातल्या उजेडात. अर्ध्या तावावर ते मावणार नाही, पूर्ण ताव लागेल. आणि मी येथे बसलो तर वाट अडते; पलीकडच्या बांधावर बसावे लागेल. तो कोणाचा?

तात्या : चुलतभावाचा. मी त्याला सांगतो.